दीडशे डॉलरची हुंडणावळ

मोडी लिपीतील जुने कागद वाचून ते देवनागरीत उतरवून देण्याचे काम मी वाईतल्या घरी बसून करते. माझी गिऱ्हाइके बहुतेक पुण्या-साताऱ्याकडची असत. कोणाला आजोबांचे गहाणखत वाचून हवे असे, कोणाला देवस्थानच्या इनामाचा कागद. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांची एकदम विचारपूस सुरू झाली आणि त्याच सुमारास परदेशातले पहिले काम माझ्याकडे आले. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांनी घरातली अकरा पाने मोबाइलवर छायाचित्रे काढून पाठवली होती. १५० डॉलर मेहनताना ठरला, काम तीन आठवड्यांत झाले आणि मग त्यांचा निरोप आला, "ताई, झेल आहे का? नसेल तर वेन्मो?"

झेल आणि वेन्मो या अमेरिकेतल्या आपसातल्या देवघेवीच्या सोयी आहेत आणि त्या अमेरिकेबाहेरच्या खात्यात पैसे पोहोचवत नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळले. पुढची दोन वर्षे मी या विषयात जे धडपडत शिकले, ते एका जागी लिहून ठेवावे असे वाटले, कारण घरून भाषांतर करणाऱ्या, गाणे शिकवणाऱ्या, पत्रिका पाहणाऱ्या किंवा पैठणीचे ब्लाउज शिवून पाठवणाऱ्या ओळखीच्या बायका मला अजूनही हाच प्रश्न विचारतात.

प्रथम हे सांगितले पाहिजे की भारतात आपल्या कामाचे पैसे परदेशातून घेण्यास कोणतीही बंदी नाही. नेहमीच्या नावाजलेल्या सेवा मात्र आपल्यापर्यंत अर्ध्यामुर्ध्या पोहोचतात. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा बंद केली. परदेशी गिऱ्हाइकाकडून मालाचे किंवा सेवेचे पैसे घेणे तेवढे चालू राहिले. कार्डाने पैसे स्वीकारून देणाऱ्या स्ट्राइपने मे २०२४ पासून भारतात नवे खाते केवळ निमंत्रणावरून देण्याचे धोरण ठेवले, आणि त्याआधीही परदेशी रक्कम स्वीकारण्यासाठी नोंदणीकृत व्यवसाय असावा लागे; नुसत्या व्यक्तीला ती मुभा नव्हती. त्यामुळे परदेशातले लोक ज्या सहजतेने "माझ्या पानावर जा आणि कार्डाने पैसे भर" असे म्हणतात, ती सहजता आपल्याकडच्या एकट्या कारागिराला मिळत नाही.

याचे कारण आपल्या परकीय चलन कायद्याच्या रचनेत आहे. १९९९ च्या फेमा कायद्याखाली परदेशातून येणारी रक्कम परकीय चलनाचा व्यवहार करण्यास रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या वाटेनेच यावी लागते, आणि येताना ती कशासाठी आली हेही नोंदवावे लागते. या उद्देशासाठी ठरावीक संकेतांक आहेत. संगणकप्रणालीच्या सल्लागारीचा पी ०८०२, व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सल्ल्याचा पी १००६, परदेशस्थ नातेवाइकाने घरखर्चासाठी धाडलेल्या पैशांचा पी १३०१, अशी ती लांबलचक यादी आहे. २०१० च्या फेब्रुवारीत पेपालने भारतातील व्यक्तिगत देवघेव आणि बँकेत पैसे काढणे एकाएकी थांबवले आणि पुढच्या महिन्यात पैसे काढणे पुन्हा सुरू केले, तेव्हापासून हा संकेतांक भरणे खातेदारांच्या पाठी लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ऑनलाइन मध्यस्थांसाठी नियम घातले, ज्यात एका व्यवहाराची मर्यादा सुरुवातीला अवघी ५०० डॉलर होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने १०,००० डॉलरपर्यंत गेली. मिळालेले डॉलर त्याच खात्यात ठेवून त्यातून खरेदी करता येणार नाही, ते भारतीय बँकेतच उतरले पाहिजेत, हाही नियम तेव्हाचाच आहे.

हे वाचले तेव्हा मला जुन्या हुंड्या आठवल्या. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत अधूनमधून हुंडी निघते. तिच्यात रक्कम असते, ती कोणी कोणास द्यायची ते असते, दर्शनी (दाखवताच द्यायची) आहे की मुदतीची हे असते, आणि पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी हुंडीने नेण्याबद्दल जो बट्टा पडे त्याला हुंडणावळ म्हणत. आज बँका त्याला निरनिराळी चार नावे देतात, परंतु मला तो एकच शब्द पुरतो आणि तोच मी या लेखात वापरणार आहे.

आता एडिसनच्या १५० डॉलरकडे वळते. माझे खाते आमच्या नागरी सहकारी बँकेत होते, जिथे शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वजण मला नावाने ओळखतात. त्यांनी चहा दिला आणि सांगितले की त्यांच्याकडे परकीय चलनाचा परवाना नाही, त्यामुळे स्विफ्ट कोडही नाही. स्विफ्ट ही १९७३ मध्ये स्थापन झालेली, बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली संस्था आहे. ती पैसा हलवत नाही, बँकांचे एकमेकींना जाणारे निरोप तेवढे वाहते. ज्या बँकेला स्वतःचा कोड नाही तिच्यापर्यंत निरोप थेट पोहोचत नाही. मला एका मोठ्या बँकेत नवे खाते उघडावे लागले, आणि तिथेही कोड वाईच्या शाखेचा नव्हता, तर पुण्यातल्या परकीय चलन शाखेचा होता. आपल्या तालुक्याच्या शाखेत हा कोड विचारला की समोरचा आयएफएससी सांगतो. दोन्ही वेगळे आहेत, आणि आयएफएससी परदेशातल्या बँकेला काही उपयोगाचा नाही.

नवे खाते उघडताना नावाचा घोळ निघाला. माझ्या पॅन कार्डावर माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे, आणि बिलावर मी लिहीत असे ते तिसरेच, म्हणजे आडनावाशिवायचे. परदेशातून येणाऱ्या रकमेत पैसे घेणाऱ्याचे नाव खात्यावरील नावाशी जुळले नाही तर रक्कम अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या पुष्कळ स्त्रियांची ही अडचण असणार, म्हणून हे मुद्दाम सांगते: पहिले बिल पाठवण्याआधी पॅन, बँक खाते आणि बिल या तिन्हींवर एकच नाव, त्याच स्पेलिंगसह, करून घ्यावे. मला त्यासाठी सात आठवडे लागले आणि एडिसनकर बिचारे तितके दिवस थांबले.

अखेर त्यांनी आपल्या बँकेतून तारेने, म्हणजे वायर ट्रान्स्फरने, पैसे पाठवले. त्या दिवशी बाजारातला दर डॉलरला ८३ रुपये २० पैसे होता, म्हणजे १५० डॉलरचे १२,४८० रुपये व्हायला हवे होते. वाटेतल्या मध्यस्थ बँकांनी १८ डॉलर कापले; उरलेल्या १३२ डॉलरना माझ्या बँकेने ८२ रुपये १० पैसे दर लावला; शिवाय २५० रुपये शुल्क, त्यावर ४५ रुपये जीएसटी, आणि चलन बदलून दिल्याबद्दलचा आणखी ४५ रुपये जीएसटी. हा शेवटचा ४५ रुपयांचा आकडा कितीही लहान रकमेला लागतो, कारण चलनबदलाच्या सेवेचे मूल्य एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का पण किमान २५० रुपये धरायचे, असा नियम आहे. हाती आले १०,४९७ रुपये. हुंडणावळ १,९८३ रुपये, म्हणजे जवळजवळ १६ टक्के. पाठवणाऱ्याने स्वतःच्या बाजूने ४५ डॉलर वेगळे भरले होते, ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितले.

तारेने पैसे पाठवताना खर्च कोणाचा, याचे तीन पर्याय अर्जावर असतात: सारा पाठवणाऱ्याचा, दोघांत वाटून, किंवा सारा घेणाऱ्याचा. बहुतेक लोक मधला पर्याय न वाचताच ठेवतात. पहिला पर्याय निवडण्यास गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, आणि लहान रकमांसाठी हा मार्ग मुळातच वापरू नये. दीड-दोन हजार डॉलरच्या पुढे मात्र तो परवडतो, कारण कापाकापी बहुतांशी ठरावीक आकड्यांची असते.

रक्कम येऊन पडण्याआधी पुण्याहून फोन आला होता. "मॅडम, हे पैसे कशाचे?" मी सांगितले, जुने कागद वाचून दिल्याचे. पलीकडे थोडी शांतता झाली. मग त्या गृहस्थांनी सहृदयतेने सुचवले की पाठवणाऱ्याचे आणि तुमचे आडनाव एकच दिसते, तर आपण घरखर्चासाठी असे लिहून टाकू, म्हणजे कागदपत्रे लागणार नाहीत. एडिसनकर खरोखरच आमच्या लांबच्या भाऊबंदांपैकी निघाले होते, त्यामुळे मोह झाला. पण तीन पिढ्यांपूर्वी कोणीतरी "सोयीसाठी" कागदावर भलताच मजकूर घातला आणि त्यावरून वंशजांची वीस वर्षे कोर्टात गेली, असे दस्त मी उपजीविकेसाठी वाचते. मी बिल पाठवले, कामाचे वर्णन पाठवले, आणि सेवेच्या संकेतांकाखाली रक्कम जमा करून घेतली.

पुढच्या वर्षभरात मला जे जे मार्ग सुचवले गेले, त्या प्रत्येकाच्या बाबतीत अडचण इथेच येऊन थांबली. पैसा येतो, पण कोणत्या कारणाच्या नावाखाली येतो, हा प्रश्न असतो.

सगळ्यात सोपा मार्ग दुसऱ्या गिऱ्हाइकाने दाखवला. परदेशातली मराठी मंडळी आईवडिलांना ज्या अ‍ॅपवरून पैसे पाठवतात, त्यावरून त्याने २०० डॉलर धाडले. दोन तासांत रुपये खात्यात पडले, दर उत्तम होता, कपात शून्य. मी हरखून गेले. मार्चमध्ये साताऱ्याच्या सीएंकडे वही नेली, तेव्हा त्यांनी नोंदीवर बोट ठेवून विचारले, "ताई, हे तुमच्या कामाचे आहेत हे कशावरून?" रक्कम कुठल्याशा कंपनीच्या भारतातल्या रुपया खात्यातून, देशांतर्गत हस्तांतरण म्हणून आली होती आणि पाठवणाऱ्याने कारण निवडले होते कुटुंबाचा निर्वाह. परकीय चलन आल्याचे कोणतेही पत्र त्यावर मिळणार नव्हते. हे मार्ग व्यक्तिगत पैशांसाठीच आखलेले आहेत. त्यांतल्या रोख आणि झटपट पाठवणीच्या एमटीएसएस योजनेत तर एका वेळी २,५०० डॉलर आणि एका व्यक्तीला वर्षात ३० वेळा अशी मर्यादाही आहे. प्राप्तिकर त्या २०० डॉलरवर मी भरलाच, तो भरावाच लागतो. पण निर्यातीचे उत्पन्न म्हणून ते दाखवता आले नाही.

ज्यांची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि जीएसटीची नोंदणी नाही, त्यांना हे फारसे बोचणार नाही. नोंदणी असेल तर मात्र बोचते. सेवेची निर्यात शून्य दराची मानली जाते, एलयूटी नावाचे हमीपत्र दरवर्षी भरून ठेवले की कर न आकारता बिल करता येते. पण ती निर्यात ठरण्याच्या अटींत मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत, मिळाला पाहिजे ही एक अट आहे. तो तसा मिळाला हे दाखवणारा कागद नसेल, तर अठरा टक्के जीएसटीचा प्रश्न उभा राहू शकतो.

याच कारणाने अनिवासी भारतीयांच्या यूपीआयकडेही जरा जपून पाहावे. २०२३ च्या जानेवारीपासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी अरेबिया आणि अमिराती या दहा देशांतील मोबाइल क्रमांकांवर एनआरई व एनआरओ खाती (अनिवासी भारतीयांची भारतातली बँक खाती) जोडून यूपीआय वापरण्याची मुभा देण्यात आली. मस्कतच्या एका बाईंनी मला तसेच एनआरओ खात्यातून पैसे दिले. क्यूआर कोड पाठवला, क्षणात काम झाले. मी ते घेते, आनंदाने घेते, पण वहीत ते देशातल्या कामाच्या पानावर लिहिते, कारण ते भारतातलेच रुपये आहेत. आभासी चलनात पैसे देऊ का, असेही एका तरुणाने विचारले होते. त्यावर २०२२ पासून नफ्याला तीस टक्के कर आणि विक्रीवर एक टक्का उगमकपात (टीडीएस) आहे, एवढे वाचून मी तो विषय मिटवला.

पेपाल मी अजूनही ठेवले आहे. गिऱ्हाइकाला ते माहीत असते, कार्डाने पैसे भरता येतात, संकेतांक एकदा निवडला की तो लागू राहतो, आणि रक्कम आपोआप भारतीय बँकेत उतरते. मी खाते उघडले तेव्हा शुल्क ४.४ टक्के अधिक ३० सेंट होते, आणि त्यावर डॉलरचे रुपये करताना दरातला फरक वेगळा. दोन्ही मिळून शंभरातले सात-आठ जातात असे धरून मी दर ठरवते. एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते: पैसे भरणारा १८० दिवसांपर्यंत तक्रार करून रक्कम अडवू शकतो. माझ्यासारख्या डोळ्यांना न दिसणारी वस्तू विकणाऱ्याने म्हणून काम पोहोचल्याची ईमेल, शक्य तर "मिळाले, धन्यवाद" एवढे उत्तर तरी, जपून ठेवावे.

खरी सुटका झाली ती एका जर्मन विद्यापीठातल्या संशोधिकेमुळे. तिला तंजावरकडच्या मोडी कागदांविषयी मदत हवी होती आणि तिच्या कचेरीचा अर्ज आयबान (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक) मागत होता. भारताने आयबान स्वीकारलेला नाही. अमेरिकेनेही नाही, तिथे नऊ आकडी राउटिंग क्रमांक चालतो. अर्जाच्या रकान्यात खाते क्रमांक भरला की तांबडी सूचना येई. तीन आठवडे आमची पत्रापत्री या एका रकान्यावर चालली होती, तंजावर बाजूलाच राहिले. तेव्हा कोणीतरी मला अशा कंपन्यांविषयी सांगितले, ज्या आपल्या नावे युरोपातला आयबान, अमेरिकेतला खाते क्रमांक, ब्रिटनमधला सॉर्ट कोड असे त्या त्या देशातले गोळा करण्याचे क्रमांक काढून देतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते देशातल्या देशातलेच हस्तांतरण असते, त्याला खर्च नगण्य येतो. तिकडे जमलेली रक्कम ती कंपनी अधिकृत बँकेमार्फत भारतात आणते, संकेतांकासह, आणि परकीय चलन आल्याचे आवक-पत्र देते.

रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने या धंद्याला परवान्याच्या चौकटीत आणले. सीमापार पेमेंट अ‍ॅग्रीगेटर हे त्याचे नाव. बिगरबँक कंपनीला अर्ज करताना किमान १५ कोटी रुपयांचे नक्त मूल्य दाखवावे लागते, निर्यातीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि एका वस्तूची वा सेवेची किंमत २५ लाखांच्या वर नसावी, अशी त्या परिपत्रकात अट होती. कंपनी निवडताना मी दोनच गोष्टी पाहिल्या: रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत तिचे नाव आहे का, आणि आवक-पत्र प्रत्येक व्यवहाराला मिळते का. चलनाचा दर हा तिसऱ्या क्रमांकावर. काही ठिकाणी शुल्क टक्केवारीने असते, काही ठिकाणी ठरावीक. माझ्यासारख्या शंभर-दोनशे डॉलरच्या कामांना टक्केवारी बरी पडते. अलीकडच्या एका १५० डॉलरच्या कामात सगळे मिळून सव्वादोनशे रुपयांच्या आसपास हुंडणावळ पडली, आणि एडिसनचे १,९८३ रुपये आठवून मी ती पावती वहीत चिकटवून ठेवली.

एवढे झाल्यावर सगळे मार्गी लागले असे वाटत होते. गेल्या महिन्यात इस्रायलमधल्या अश्दोदहून एक पत्र आले, रोमन अक्षरांत पण शुद्ध कोकणी वळणाच्या मराठीत. बेने इस्रायल कुटुंब, मूळ रेवदंड्याकडचे. पणजोबांच्या नारळीच्या वाडीचे खरेदीखत मोडीत आहे आणि घरात कोणालाच ते वाचता येत नाही. माझ्या कंपनीच्या यादीत शेकेल, म्हणजे इस्रायलचे चलन, नाही. पत्र लिहिणाऱ्या आजींचे वय ८१, कार्ड वापरत नाहीत, बँकेत जाऊनच पैसे पाठवणार. म्हणून पुन्हा तीच तार, खर्चाचा पहिला पर्याय, आणि पुण्याचा स्विफ्ट कोड. काल शाखेतून फोन आला की रक्कम आली आहे, परंतु पाठवण्याच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी "आमची वाडी" एवढेच लिहिले आहे, आणि जमीनविक्रीचे पैसे आहेत काय अशी पुण्याने विचारणा केली आहे. सोमवारी बिल आणि खरेदीखताची प्रत घेऊन जाणार आहे.